व्हेरिएबल आणि डेटाचे प्रकार: पहिल्या सेमिस्टरपासून थिसिसपर्यंत नेहमी येणारे प्रश्न

नागपुरात बीकॉम, बीएस्सी, बीए इकॉनॉमिक्स, एमबीए करणारे, आणि मेडिकल-डेंटल-फिजिओचे पीजीवाले ज्यांना थिसिससाठी अचानक स्टॅटिस्टिक्स लागतं, असे सगळे माझ्याकडे शिकायला येतात आणि सगळ्यांचे सुरुवातीचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. तेच इथं लिहून ठेवलेत. क्रमाने वाचलं तर बरं, कारण पुढची उत्तरं मागच्यांवर उभी आहेत, पण उद्या पेपर असेल तर तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

व्हेरिएबल म्हणजे नेमकं काय? डेटा म्हणजे तेच ना?

तेच नाही. समजा तुम्ही वर्षभर अधूनमधून कळमना मार्केटला जाऊन संत्र्याच्या क्रेटची नोंद घेताय. प्रत्येक क्रेटपुढे लिहिताय की वजन किती, फळं किती, आंबिया बहार की मृग बहार (संत्र्याचे वर्षातले दोन हंगाम), साइज लहान-मध्यम-मोठी, भाव काय लागला. यातली प्रत्येक गोष्ट एका क्रेटहून दुसऱ्या क्रेटला बदलू शकते, म्हणून ती व्हेरिएबल. एखाद्या क्रेटपुढे लिहिलेलं "१८ किलो" ही वजन या व्हेरिएबलची व्हॅल्यू. आणि सगळ्या ओळी, सगळे कॉलम मिळून जो तक्ता तयार झाला तो डेटा.

इथं एक गोष्ट मी सगळ्यांकडून पहिल्याच दिवशी करून घेतो, ती म्हणजे "तक्त्यातली एक ओळ कोणाची आहे?" याचं उत्तर लिहून काढणं. ओळ क्रेटची असेल तर वजन हा व्हेरिएबल आहे, ओळ शेतकऱ्याची असेल तर क्रेटची संख्या हा व्हेरिएबल होतो, ओळ दिवसाची असेल तर त्या दिवशीची एकूण आवक हा व्हेरिएबल होतो. संत्री तीच पण व्हेरिएबल बदलले. बरेच प्रोजेक्ट इथंच अडकतात, अर्ध्या ओळी पेशंटच्या आणि अर्ध्या व्हिजिटच्या असतात आणि मग कोणतंच सॉफ्टवेअर नीट उत्तर देत नाही.

आणि कॉन्स्टंट?

जी गोष्ट तुमच्या डेटात बदलतच नाही ती. फक्त नोव्हेंबरमध्येच नोंदी घेतल्या तर सगळी फळं आंबियाचीच येणार, मग बहार हा कॉलम असून नसून सारखा, त्यावरून काही तुलना करता येत नाही.

रोल नंबर तर नंबरच आहे ना, मग काहून त्याला क्वालिटेटिव्ह म्हणता?

कारण नंबर दिसतो म्हणून डेटा क्वांटिटेटिव्ह होत नाही. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बघायचं ते हे, की त्या आकड्यांची बेरीज, वजाबाकी, सरासरी केली तर जे उत्तर येतं त्याला काही अर्थ आहे का.

आपल्या गाड्यांच्या पाट्या बघा. नागपूर शहर एमएच ३१, पूर्व नागपूर एमएच ४९, नागपूर ग्रामीण एमएच ४०. आता ३१ आणि ४९ ची सरासरी काढा, बरोबर ४० येते. म्हणजे शहरातली एक गाडी आणि पूर्व नागपुरातली एक गाडी यांची सरासरी ग्रामीण? काहीच अर्थ नाही. गणित बरोबर आहे, उत्तरही खऱ्याखुऱ्या कोडवर पडलं, तरी विधान निरर्थक. हे आकडे म्हणजे नावं आहेत, आकड्यात लिहिलेली.

पिनकोडचंही तेच. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला, त्यातला पहिला अंक विभाग सांगतो म्हणून आपला ४ ने सुरू होतो. ४४००२२ हा ४४००१० पेक्षा "जास्त" नाही, त्यात बारा कसले तरी युनिट जादा नाहीत, तो फक्त दुसरा पत्ता आहे. रोल नंबर, मोबाइल नंबर, आधार, बस नंबर, क्रिकेटच्या जर्सीवरचा नंबर, सगळे याच पंगतीतले.

तर क्वालिटेटिव्ह म्हणजे प्रकार, गट, नाव सांगणारा डेटा, आणि क्वांटिटेटिव्ह म्हणजे किती ते सांगणारा. शाळेच्या पुस्तकात गुणात्मक आणि संख्यात्मक म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याला बहुतेक वेळा कॅटेगोरिकल म्हणतात, गोंधळू नका.

नॉमिनल आणि ऑर्डिनलमधला फरक पाठ होतो पण पेपरमध्ये ओळखता येत नाही, काय करू?

स्वतःला विचारा, या गटांना लावायचा म्हणून एक ठरलेला क्रम आहे का, की कसेही लावले तरी चालतात?

"ऑरेंज" हा एकच शब्द घ्या. नागपूर मेट्रोला ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन आहे. ऑरेंज ही अ‍ॅक्वाच्या वर किंवा खाली नाही, एक खापरीकडे जाते आणि एक लोकमान्य नगरकडे, दोन्ही सीताबर्डीला भेटतात, संपलं. मेट्रोची लाइन हा नॉमिनल व्हेरिएबल. आता पावसाळ्यात हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट येतो. तिथं हिरवा, यलो, ऑरेंज, रेड असा क्रम आहे आणि ऑरेंज म्हणजे यलोपेक्षा गंभीर, रेडपेक्षा कमी. हा ऑर्डिनल. शब्द तोच, रंग तोच, पण डेटाचा प्रकार वेगळा, कारण प्रकार शब्दात नसतो, तो शब्द कशासाठी वापरला त्यात असतो.

नॉमिनलची आणखी उदाहरणं हवी तर ब्लड ग्रुप, मातृभाषा, कॉलेज, पिकाचं नाव. ऑर्डिनलची शिक्षण (दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर), दुखण्याची तीव्रता (थोडं, मध्यम, खूप), संत्र्याची साइज लहान-मध्यम-मोठी.

ज्यात दोनच गट असतात, जसं हो-नाही, पास-नापास, त्याला बायनरी म्हणतात. तो नॉमिनलमध्येच धरा, पेपरला तेवढं पुरतं.

ऑर्डिनलला १, २, ३, ४, ५ असे नंबर दिले की सरासरी काढता येते ना? सगळे काढतात.

सगळे काढतात हे खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न नीट समजून घ्या.

ऑर्डिनलमध्ये क्रम असतो पण पायऱ्यांची उंची सारखी आहे याची खात्री नसते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण खनिजांचं आहे, आणि नागपूर हे खाणींच्या कामाचं गाव आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथं, मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं इथं, त्यामुळे जिऑलॉजीची पोरं लगेच ओळखतात. फ्रीडरिक मोस यांनी १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली. टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, असं करत कोरंडम ९ आणि हिरा १०. कोण कोणाला ओरखडा पाडू शकतो यावरून हा क्रम लावलाय. आता ९ आणि १० मध्ये एकाचाच फरक दिसतो, पण प्रत्यक्ष मोजमाप केलं तर हिरा कोरंडमपेक्षा कितीतरी पट कठीण निघतो, आणि ३ आणि ४ मधल्या फरकापेक्षा हा फरक प्रचंड मोठा आहे. म्हणजे १० वजा ९ आणि ४ वजा ३ ही वजाबाकी कागदावर सारखी, दगडात नाही. अशा पट्टीवर सरासरी काढली तर ती कशाची सरासरी आहे हे सांगता येत नाही.

प्रश्नावलीतलं "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" हे तसंच. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या कामातून आली म्हणून लिकर्ट म्हणतात. समजा होस्टेलच्या दोन मेस आहेत. पहिल्या मेसला सगळ्या पोरांनी ३ दिले. दुसऱ्या मेसला अर्ध्यांनी १ आणि अर्ध्यांनी ५ दिले. सरासरी दोन्हीकडे ३. पण पहिली मेस ठीकठाक आहे आणि दुसरीत अर्धी पोरं वैतागलेली आणि अर्धी खूश, हा एवढा मोठा फरक त्या ३ ने गिळून टाकला. म्हणून एका प्रश्नाचं उत्तर असेल तर किती टक्के लोकांनी काय म्हटलं ते द्या, मध्यक (मीडियन, क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी व्हॅल्यू) द्या, बहुलक (मोड, सगळ्यात जास्त वेळा आलेली व्हॅल्यू) द्या.

पण दहा-बारा प्रश्नांची बेरीज करून एक स्कोअर बनवला असेल, आणि ती प्रश्नावली आधी तपासलेली असेल, तर त्या एकूण स्कोअरला क्वांटिटेटिव्ह धरून सरासरी काढणारे बरेच आहेत आणि त्यात मला गैर वाटत नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्यांमध्ये यावर जुना वाद आहे. तुमचा गाइड कोणत्या बाजूचा आहे ते आधी विचारून घ्या, पण तुम्ही जे कराल त्याचं कारण थिसिसमध्ये एका ओळीत लिहा.

डिस्क्रीट आणि कंटिन्युअस?

मोजणी केली तर डिस्क्रीट, मोजमाप केलं तर कंटिन्युअस. क्रेटमधली फळं तुम्ही एक, दोन, तीन अशी मोजता, साडेतीन संत्री हा प्रकार नाही, म्हणून डिस्क्रीट. क्रेटचं वजन काट्यावर घेता, १८ आणि १९ च्या मध्ये १८.३ आहे, १८.३७ आहे, काटा जेवढा बारीक तेवढं आणखी सापडतं, म्हणून कंटिन्युअस.

दशांश चिन्ह बघून ठरवू नका. चपलेचा नंबर साडेसात असतो तरी तो डिस्क्रीट आहे, कारण साडेसात आणि आठच्या मध्ये दुकानात काही मिळत नाही. उलट वजन पूर्ण किलोत लिहिलं तरी मुळात ते कंटिन्युअसच, आपण गोल करून लिहिलं एवढंच.

आणि "कुटुंबात सरासरी ४.३ माणसं, हे कसं काय?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. माणसं डिस्क्रीट आहेत, सरासरीला डिस्क्रीट असायचं बंधन नाही. ४.३ म्हणजे दर दहा कुटुंबांमागे ४३ माणसं, असं वाचा म्हणजे खटकणार नाही.

वय डिस्क्रीट की कंटिन्युअस? आमच्या दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

वय क्षणाक्षणाला वाढतं म्हणून मुळात कंटिन्युअस. पण जनगणनेला पूर्ण झालेली वर्षं विचारतात, फॉर्मवर आपणही तेच लिहितो, म्हणून नोंदवलेलं वय डिस्क्रीटसारखं दिसतं. पेपरमध्ये "कंटिन्युअस, पण पूर्ण वर्षांत नोंदवल्यामुळे डिस्क्रीट दिसतं" असं लिहा, दोन्ही पुस्तकं सांभाळली जातात आणि खरंही तेच आहे. नवजात बाळांवर काम असेल तर वय दिवसांत घ्या, तिथं पूर्ण वर्ष घेतलं तर सगळ्यांचं वय शून्यच येईल.

पैशाचंही असंच आहे. पैशाच्या खाली काही नाही म्हणून काटेकोरपणे डिस्क्रीट, पण व्यवहारात उत्पन्न, भाव, बिल हे सगळे कंटिन्युअस म्हणूनच हाताळतात.

इंटरव्हल आणि रेशो हे कशाला हवेत? दोन्हीकडे आकडेच तर आहेत.

फरक शून्याचा आहे. शून्य म्हणजे "ती गोष्ट अजिबात नाही" असं असेल तर रेशो, आणि शून्य हा कोणीतरी सोयीने ठेवलेला टप्पा असेल तर इंटरव्हल.

नागपूरचं तापमान घ्या, यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याला मिळणार नाही. जानेवारीतली एक रात्र १० अंश सेल्सिअस, मे मधली एक दुपार ४५ अंश. दुपार साडेचार पट गरम आहे का? फॅरेनहाइटमध्ये तेच दोन आकडे ५० आणि ११३ होतात, आता गुणोत्तर सव्वादोनच्या आसपास आलं. केल्विनमध्ये २८३.१५ आणि ३१८.१५, म्हणजे जेमतेम १.१२ पट. हवा तीच, ऊन तेच, आणि "किती पट" ची तीन उत्तरं. कारण सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा टप्पा, तिथं उष्णता संपत नाही. केल्विनचा शून्य खरा शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर. म्हणून सेल्सिअसमध्ये "३५ अंशांनी जास्त" म्हणता येतं, "साडेचार पट" म्हणता येत नाही.

कॅलेंडरचंही असंच. दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ ला झाला, शके १८७८. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, शके १८८२. वर्षाचा आकडा दोन पंचांगांत वेगळा, कारण सुरुवात वेगळी धरलीय, पण दोन घटनांमधला फरक दोन्हीकडे चारच. वर्ष हा इंटरव्हल आहे, फरकाला अर्थ आहे, भागाकाराला नाही. पण "सोहळ्याला किती वर्षं झाली" हा कालावधी मात्र रेशो, कारण शून्य वर्षं म्हणजे खरंच काही काळ गेलेला नाही.

पाऊस मिलिमीटरमध्ये, संत्र्याचं वजन, विजेचे युनिट, उंची, पगार हे सगळे रेशो. १०० मिलिमीटर पाऊस हा ५० च्या दुप्पट आहे, आणि इंचात मोजला तरी दुप्पटच राहतो. युनिट बदलून बघणं ही रेशो ओळखायची पक्की चाचणी आहे.

हे चार प्रकार ठरवले कोणी? आणि सगळा डेटा यात बसतो का?

नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो ही चौकट एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या लेखात मांडली. ती तेव्हापासून शिकवली जाते आणि तेव्हापासून तिच्यावर टीकाही होते आहे.

सगळा डेटा बसत नाही. वाऱ्याची दिशा घ्या. उत्तर म्हणजे ० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०. सकाळी वारा ३५० अंशांवरून आला, दुपारी १० अंशांवरून. दोन्ही वेळा जवळपास उत्तरेचा वारा. सरासरी काढली तर १८०, म्हणजे चक्क दक्षिण. रात्री ११ आणि पहाटे १ ची सरासरी दुपारी १२ येते, तोच घोळ. याला सर्क्युलर डेटा म्हणतात, त्याची सरासरी वेगळ्या पद्धतीने काढतात. पहिल्या सेमिस्टरला लागत नाही, पण झोपेची वेळ, अपघाताची वेळ असल्या विषयावर प्रोजेक्ट घेतला तर हे आडवं येणार म्हणजे येणार.

एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) रेशो आहे का? पेपरमध्ये तर "प्रदूषण दुप्पट झालं" असं छापून येतं.

नाही. हा प्रश्न मला खूप आवडतो, नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच गावात आहे, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना हे कळायलाच हवं.

आपल्याकडचा एक्यूआय ० ते ५०० आहे. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, मग वाईट, अति वाईट, गंभीर. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि जो सगळ्यात मोठा तोच त्या ठिकाणचा एक्यूआय. आता पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचं, कोष्टक बघा: उपनिर्देशांक १०० म्हणजे हवेत ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, २०० म्हणजे ९०, ३०० म्हणजे १२०, आणि ४०० म्हणजे २५०. म्हणजे एक्यूआय १०० चा २०० झाला, आकडा दुप्पट, पण धूळ दीडपट. आणि ३०० चा ४०० झाला तर आकडा एक तृतीयांशाने वाढला पण धूळ दुपटीहून जास्त. पायऱ्यांची उंची सारखी नाही, आणि वर कधी धुळीमुळे तर कधी दुसऱ्याच वायूमुळे आकडा ठरतो.

म्हणून एक्यूआयला मी ऑर्डिनलच्या जवळचा मानतो. कोणता दिवस जास्त वाईट हे त्यावरून सांगा, किती पट हे सांगू नका. किती पट हवं असेल तर मूळ मायक्रोग्रॅमचा आकडा घ्या, तो रेशो आहे.

सीईटीचे पर्सेंटाइल?

पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के पोरं आहेत, म्हणजे रांगेतली जागा, मार्क नव्हेत. मधल्या भागात पोरांची गर्दी असते म्हणून दोन-चार मार्कांत पर्सेंटाइल बराच उडी मारतो, वरच्या टोकाला विरळ असतात म्हणून ९९ चे ९९.५ करायला पुष्कळ मार्क लागू शकतात. क्रमाला अर्थ आहे, फरकाला सारखा अर्थ नाही. पर्सेंटाइल आणि पर्सेंटेज एकाच कॉलममध्ये टाकून सरासरी काढणारे प्रोजेक्ट येतात, कृपा करून ते करू नका.

एकच गोष्ट दोन प्रकारची असू शकते का?

असू शकते, आणि हे समजलं की बाकी पाठांतराची गरजच पडत नाही.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या अनुवंशिक आजारावर काम खूप चालतं, मेडिकल आणि मेयो या इथल्या दोन सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचे विषय बरेचदा तेच असतात. तपासणीत उत्तर येतं एए, एएस किंवा एसएस. एए म्हणजे दोष नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. तुम्ही फक्त कोणत्या गटात किती लोक हे बघत असाल तर हे तीन गट आहेत, नॉमिनल समजा. आजाराच्या त्रासाच्या दृष्टीने बघत असाल तर त्यात क्रम आहे, ऑर्डिनल. आणि अनुवंशाचा अभ्यास असेल तर प्रत्येक माणसाकडे एस जनुकाच्या किती प्रती आहेत असं मोजा: ०, १, २. आता तो डिस्क्रीट, क्वांटिटेटिव्ह, आणि शून्यही खरा. रक्ताचा नमुना एकच. तुमचा प्रश्न बदलला म्हणून प्रकार बदलला.

मग वयाचे, हिमोग्लोबिनचे गट पाडू की आकडेच घेऊ?

गोळा करताना आकडाच घ्या, गट नंतर पाडता येतात. आकड्याचे गट करता येतात, गटाचा आकडा परत मिळत नाही, हा रस्ता एकाच बाजूने चालतो.

हिमोग्लोबिनचं बघा. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ ग्रॅमच्या खाली अ‍ॅनिमिया धरतात. फॉर्ममध्ये नुसतं "अ‍ॅनिमिया आहे / नाही" लिहिलं तर ११.९ वाली आणि ७ वाली एकाच खान्यात गेल्या, आणि ११.९ आणि १२.१ वाल्या, ज्यांच्यात खरं तर काहीच फरक नाही, त्या वेगळ्या खान्यांत. ७ वालीला तातडीने उपचार लागतात, ती तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही. मला हे फार लागतं, कारण त्या बाईने रक्त दिलेलं असतं, तपासणी झालेली असते, आकडा मशीनवर आलेला असतो, आणि आपण तो लिहून घेत नाही.

पावसातही हवामान खातं गट करतं, २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. लोकांना इशारा द्यायला हे गट बरोबरच आहेत. पण खात्याकडे मूळ मिलिमीटरही जपलेले असतात. तुम्हीही तसंच करा.

इंडिपेंडंट आणि डिपेंडंट व्हेरिएबल म्हणजे कोणते?

ज्याचा परिणाम बघायचा तो इंडिपेंडंट, ज्यावर परिणाम बघायचा तो डिपेंडंट. उन्हाळ्यात तापमान वाढलं की घरातलं विजेचं बिल किती वाढतं हा प्रश्न असेल तर तापमान इंडिपेंडंट, युनिट डिपेंडंट. पण हे त्या व्हेरिएबलच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. दुसऱ्या अभ्यासात "बिल वाढलं की घरचे कूलर कमी वेळ लावतात का" असा प्रश्न असेल तर तिथं बिल इंडिपेंडंट होईल.

मग तिसरा एक असतो, कन्फाउंडर. समजा तुम्हाला दिसलं की ज्यांच्याकडे कूलर जास्त त्यांची पोरं शाळेत जास्त मार्क घेतात. कूलरने मार्क मिळत नाहीत. घरचं उत्पन्न हे कूलरही आणतं आणि ट्यूशनही लावतं, दोन्हीच्या मागे तेच उभं आहे. असा जो दोन्हीशी जोडलेला असतो तो आधीच ओळखून त्याचाही डेटा घ्यावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही.

प्रायमरी-सेकंडरी, टाइम सिरीज, क्रॉस सेक्शनल, हे पण प्रकारच का?

हो, पण वेगळ्या अंगाने. स्वतः गोळा केला तर प्रायमरी, दुसऱ्याने केलेला वापरला तर सेकंडरी. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती हा आकडा तुम्ही वापरला तर तुमच्यासाठी सेकंडरी. एकाच वेळी अनेक घरं बघितली तर क्रॉस सेक्शनल, एकाच ठिकाणची अनेक वर्षं बघितली तर टाइम सिरीज, तीच घरं वर्षानुवर्षं बघितली तर पॅनेल. परीक्षेला एवढंच येतं.

कोणत्या डेटाला कोणता ग्राफ, कोणती सरासरी, कोणती टेस्ट?

नॉमिनलला टक्केवारी, बहुलक आणि बार चार्ट, आणि दोन नॉमिनलचा संबंध बघायचा तर काय-स्क्वेअर. ऑर्डिनलला मध्यक, बार चार्ट पण खांब क्रमाने लावून, संबंधासाठी स्पीअरमन, दोन गटांच्या तुलनेला मान-व्हिटनी. क्वांटिटेटिव्हला हिस्टोग्राम किंवा बॉक्सप्लॉट, मध्य (म्हणजे आपली सरासरी) आणि स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), तुलनेला टी-टेस्ट वगैरे, पण उत्पन्नासारखा डेटा, ज्यात थोड्या लोकांकडे फार जास्त असतं, तिथं मध्य सोडून मध्यक द्या.

बार चार्ट आणि हिस्टोग्राम एक नाहीत. बार चार्टमध्ये खांबांत जागा असते आणि नॉमिनल असेल तर खांब कसेही हलवता येतात, हिस्टोग्राममध्ये खांब चिकटलेले असतात आणि हलवता येत नाहीत कारण खाली आकड्यांची पट्टी आहे.

एक्सेलमध्ये टाकलं की सगळं बिघडतं, उपाय?

कॉलम आधी टेक्स्ट करा, मग ओळख नंबर टाका. नाहीतर ०७१२ ने सुरू होणाऱ्या फोन नंबरचा पहिला शून्य उडतो, आणि सोळा आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकं धरतं. "३-५ एकर" असा गट असेल आणि तुम्ही नुसतं ३-५ टाइप केलं तर त्याची तारीख होते.

दुसरं, माहिती मिळाली नाही तर तिथं शून्य टाकू नका. "मुलं किती" पुढे शून्य म्हणजे मुलं नाहीत, रिकामं म्हणजे विचारलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जण मिसिंगला ९९९ टाकतात, ते चालतं पण सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. वय २२, २५, २८ आणि ९९९, सरासरी २६८.५ येते, खरी २५. एवढं ढळढळीत असलं तर पकडता येतं, हजार ओळींत एखादाच ९९९ असेल तर नाही येत.

एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्हेरिएबलपुढे मेझर म्हणून रकाना असतो, त्यात नॉमिनल, ऑर्डिनल, स्केल हे तीनच आहेत. इंटरव्हल आणि रेशो दोन्हीला स्केलच निवडायचं, सापडत नाही म्हणून घाबरू नका.

प्रकार बरोबर असेल तर डेटा बरोबर समजायचा का?

ना बाप्पा. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदवले गेले आणि बातमी देशभर गेली. बाकी ठिकाणी तेव्हा ४४-४५ च्या आसपास होतं. हवामान खात्याने तपासून सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. तापमान, इंटरव्हल, कंटिन्युअस, सगळं बरोबर, पण व्हॅल्यूच चुकीची. समजा चार नोंदी ४४, ४५, ४५, ५६ आहेत, मध्य ४७.५ येतो, मध्यक ४५. ती चुकीची नोंद सोडली तर मध्य ४४.७ च्या आसपास येतो, म्हणजे एका नोंदीने मध्य जवळजवळ तीन अंश हलला, मध्यक जागचा हलला नाही. असा आकडा दिसला की पुसू नका, आधी शेजारच्या नोंदी बघा, उपकरण तपासा, मग निर्णय घ्या आणि तो निर्णय लिहून ठेवा.

सरावाला काही द्या ना, उत्तरांसकट.

घ्या. घरातल्या कूलरची संख्या: डिस्क्रीट, रेशो. कूलरच्या टाकीत पाणी किती लिटर: कंटिन्युअस, रेशो. बसचा नंबर: नॉमिनल. इमारतीचा मजला: क्रम आहे, मजल्यांची उंची सारखी धरली तर फरकालाही अर्थ आहे, पण तळमजल्याला शून्य म्हणणं ही सोय आहे, म्हणून इंटरव्हल. तर्री तिखट किती (कमी, मध्यम, झणझणीत): ऑर्डिनल. अंबाझरी तलावाची पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये: शून्य ठरवून घेतलेला आहे, म्हणून इंटरव्हल, पण तलावातल्या पाण्याची खोली रेशो. परीक्षेतले मार्क: बहुतेक पुस्तकं रेशो किंवा इंटरव्हल म्हणतात, मी इंटरव्हल म्हणतो, कारण शून्य मार्क म्हणजे शून्य ज्ञान असं कुठं आहे, पेपर अवघड असेल तर येणाऱ्यालाही शून्य पडू शकतो. पेंचमध्ये एका सफारीत दिसलेले वाघ: डिस्क्रीट, रेशो. वाघ दिसला की नाही: बायनरी. वाघ दिसेपर्यंत गेलेला वेळ: कंटिन्युअस, रेशो, पण ज्यांना दिसलाच नाही त्यांच्यापुढे काय लिहायचं याचा विचार सफारीला जायच्या आधी करून ठेवा, अशा अपुऱ्या नोंदींना सेन्सर्ड डेटा म्हणतात आणि तो सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसमध्ये पुढे भेटेल.